मध्यरेषा

तक्त्यात सतरावा रकाना आहे :
'उजवा हात शरीराची मध्यरेषा ओलांडून
डावीकडची वस्तू घेतो काय?'
होय. नाही. अजून नाही.

कागद वरून येतो तो कन्नडमध्ये.
मी पेन्सिलीनं बाजूला बारीक मराठी लिहून ठेवते,
आणि मौलालीच्या नावापुढं
तीन महिने 'अजून नाही'वर टिक करते आहे.

साडेचार वर्षांचा.
चेंडू डावीकडं ठेवला तर डाव्यानं उचलतो,
उजवीकडं ठेवला तर उजव्यानं.
वाटणीनंतर दोन भावांनी
आपापल्या वावरात खाली मान घालून राबावं,
तसे त्याचे हात.
शब्द मोजून चार : पाणी, बा, गाडी, नको.
त्यातला 'नको' सगळ्यात स्वच्छ.

हाजरा, त्याची आई, म्हणते,
"बाई, टाळ्या वाजवत बसायला
आमच्या घरात रिकामे हात कुणाचे?"
खरंच आहे. संध्याकाळपर्यंत हजार विड्या.
मांडीवर सूप, पान कापायचं, जर्दा भरायचा,
वळायचं, दोरा, टोक मुडपायचं, पुढची.
निपाणीत असे हात घरोघर आहेत.
एकमेकांना न विचारता
दिवसातून हजारदा मध्यरेषा ओलांडतात ते.
त्यांच्यासाठी कुठं रकाना नाही.

निंगव्वा पलीकडच्या कन्नड शाळेत, दुसरीत.
धाकट्या भावाला न्यायला येते अंगणवाडीत,
एक नाव खरवडून दुसरं रंगवलेल्या पाटीखालून,
आणि भाऊ खिचडी संपवेपर्यंत करायचं काय,
म्हणून बसली ती मौलालीसमोर, मांडीला मांडी लावून.

ओंदु ओंजळ
एरडु एरंड
मूरु मुरमुरे
नाल्कु नारळ
ऐदु ऐन वेळी हात काढून घे!

(आम्ही इकडं चुरमुरे म्हणतो. मुरमुरे कुणी म्हणत नाही.
पण मूरुला चुरमुरे कसे जुळणार?
हे तिनंच मला सांगितलं, जरा दमात घेऊन.)

पहिल्या दिवशी हात त्यानं मांडीखाली दडपले.
ती थांबली नाही. त्याच्या गुडघ्यांवर वाजवून पुढं गेली.
चौथ्या दिवशी गुडघेच तयार होऊन बसले.
पुढच्या आठवड्यात कधीतरी,
मी पातेल्यात अंडी सोडत होते,
तेव्हा तो ऐदुच्या आधी हसला.

ऐदुच्या आधी.
म्हणजे पुढं काय येणार, ते त्याच्यापाशी आधीच आलं होतं.
मी तक्ता वरखाली दोनदा पाहिला.
एवढ्या हसण्याला जागा नव्हती.

नाल्कुला हात तिरके जातात :
माझा उजवा तुझ्या उजव्याला.
रोज तिथं त्याचा हात बांधापर्यंत यायचा, परत फिरायचा.
बुधवारी फिरला नाही.
हायवे ओलांडणाऱ्या म्हशीसारखा निघाला,
सावकाश, कुणाच्याही हॉर्नला न जुमानता,
छातीसमोरून पलीकडं गेला
आणि निंगव्वाच्या तळव्यावर टेकला.
आवाजसुद्धा झाला नाही धड.
तोंडातून मात्र आलं : "ना."

नाल्कुमधलं की नारळातलं,
की आपलं नेहमीचं, नकोमधलं,
निंगव्वाला विचारलं तर तिनं खांदे उडवले.
"ऐदु चुकलं त्याचं," म्हणाली. "हात काढलाच नाही."

अंडी तडकली होती.
पेन सापडेना.

पाचला हाजरा आली.
यानं उंबऱ्यातच तिच्यापुढं दोन्ही तळवे धरले.
तिला वाटलं, खाऊ मागतोय.
मग वाटलं, काही लागलंय; उलटेपालटे करून पाहिले.
तरी ते तसेच, हवेत.
तिनं पदराला हात पुसले, एकदा, पुन्हा एकदा.
जर्द्याचा वास काही जात नाही.

"ह्याला काय पायजे हो, बाई?"

"ओंदु म्हण," मी म्हटलं.